पाळी गेल्यानंतर संबंधाच्या वेळी रक्त जाणे आणि दुखणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यातल्या पन्नाशी-साठीच्या बायका हे प्रश्न बहुधा सगळ्यात शेवटी विचारतात. आधी गुडघे, मग बीपी, मग साखर, आणि दारापर्यंत गेल्यावर हळूच, ‘अजून एक होतं’. काहींचे प्रश्न लेकी-सुनांकडून येतात. उत्तरं सगळ्यांना एकत्र वाचता यावीत म्हणून इथे दिली आहेत.

पाळी जाऊन चार वर्षं झाली. परवा संबंधानंतर परकराला गुलाबी डाग दिसला, मग काहीच नाही. दाखवायलाच हवं का?

हो. एकच डाग असला, फिकट असला, पुन्हा दिसला नाही, तरी दाखवायचं. शेवटच्या पाळीनंतर सलग १२ महिने पाळी आली नाही, की पाळी गेली असं धरतात. त्यानंतर योनीमार्गातून जाणारं कुठलंही रक्त तपासल्याशिवाय सोडायचं नसतं. रंग लाल असो, तपकिरी असो, की पाण्यात हळद-कुंकू कालवल्यासारखा असो, नियम तोच.

बहुतेक वेळा कारण साधं निघतं. पण ते साधं आहे हे तपासणीनंतरच ठरतं. ‘या वयात होतंच’ म्हणून सहा महिने थांबलेली बाई आणि पहिल्याच आठवड्यात आलेली बाई, दोघींना एकच आजार असला तरी उपचारात फार मोठा फरक पडतो. घाबरून रात्री धावत यायची गरज नाही. एक-दोन आठवड्यांच्या आत स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा.

शेजारीण म्हणते, पाळी परत आली, चांगलं लक्षण आहे.

१२ महिने उलटल्यावर पाळी परत येते असं समजू नका. शरीरात ताकद आली, ‘उष्णता बाहेर पडली’, हे समज आपल्याकडे खूप आहेत. जळगावचा मे महिना ४५ अंशांचा असतो हे खरं, पण उन्हाने पिशवीतून, म्हणजे गर्भाशयातून, रक्त जात नाही. आखाजीला माहेरी जमलेल्या बायकांत ही गोष्ट निघाली, तर एकीने तरी हे स्पष्ट सांगावं.

पाळी पूर्ण गेलेली नसेल, म्हणजे चार-सहा महिन्यांनी एकदा येत असेल, तर प्रकरण थोडं वेगळं असतं. तरीही संबंधानंतर रक्त जात असेल किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये जात असेल, तर तपासणी लागतेच.

रक्त नेमकं कुठून येतं, हे घरी कळेल का?

थोडंफार कळतं, आणि डॉक्टरांना त्याची मदत होते. तीन वाटा जवळजवळ आहेत : लघवीची, योनीची, शौचाची. पांढरं स्वच्छ सुती कापड किंवा पॅड लावा. लघवीनंतर पुढची जागा एका कापडाने टिपा, शौचानंतर मागची दुसऱ्या. लघवीच लाल होत असेल तर मूत्राशयाचा किंवा मुतखड्याचा विचार होतो. शौचाच्या वेळीच ठिपके पडत असतील तर मूळव्याध किंवा चीर असू शकते. कामं करताना, बसल्या-बसल्या पॅडवर डाग आला, तर तो बहुधा योनीमार्गातला असतो. आत बोट घालून किंवा कापूस खुपसून बघू नका. पातळ झालेली त्वचा त्यानेच फाटते आणि खरं कारण झाकलं जातं.

पण मुळात दुखतं का? तरुणपणी तर काही त्रास नव्हता.

याचं सगळ्यात सामान्य कारण म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनची कमतरता. पाळी जाते तेव्हा बीजकोश ते तयार करणं जवळजवळ थांबवतात. हे हार्मोन योनीच्या भिंतीला जाड, ओली आणि लवचिक ठेवतं. ते गेलं की भिंत हळूहळू पातळ होते, फिकट पडते, आतल्या चुण्या सपाट होतात, मार्ग आखूड आणि अरुंद होतो. ओल सुटायला वेळ लागतो, किंवा सुटतच नाही.

आणखी एक बदल डोळ्यांना दिसत नाही. निरोगी योनीत आंबटपणा असतो, तिचा पीएच साधारण ३.८ ते ४.५. तिथले चांगले जंतू तो टिकवतात, आणि त्यांना खाद्य मिळतं ते भिंतीच्या पेशींतल्या साखरेतून. पेशी कमी झाल्या की खाद्य कमी होतं, जंतू कमी होतात, पीएच ५ च्या वर जातो, आणि नको ते जंतू वाढतात. म्हणून पाळी गेल्यानंतर कोरडेपणासोबत जळजळ, वास आणि वारंवार लघवीचा संसर्ग एकत्र येतात. त्यात शेतात दिवसभर आडोसा नसतो म्हणून पाणीच कमी प्यायचं, ही सवय. कापूस वेचणीच्या किंवा केळीच्या कामाच्या दिवसांत लघवीची जळजळ वाढते, यात नवल नाही.

अशा पातळ त्वचेवर घर्षण झालं की बारीक चिरा पडतात. विशेषतः योनीच्या तोंडाशी, खालच्या कडेला, जिथे पूर्वी बाळंतपणात टाके घातलेले असतात. आत शिरताना सुरी लागल्यासारखं वाटतं, नंतर लघवी करताना चरचरतं, आणि कपड्याला थेंबभर रक्त दिसतं. गरम पाण्याने किंवा साबणाने धुतलं की अजून झोंबतं.

एकदा दुखलं की शरीर पुढच्या वेळी आधीच आखडतं. कमरेच्या तळाचे स्नायू घट्ट होतात, त्याने जास्त दुखतं, आणि हे चक्र फिरत राहतं. यात बाईच्या मनाचा काही दोष नाही. स्नायू आपोआप आकसतात.

कोरडेपणा सोडून आणखी काय कारणं असतात?

बरीच. इथे ज्यांना वेगळा उपचार लागतो तीच सांगतो.

पिशवीच्या तोंडावर (गर्भाशयमुखावर) किंवा आत मांसाची लहान गाठ, म्हणजे पॉलीप, असू शकते. ती मऊ असते, स्पर्शाने पटकन रक्त येतं. बहुतेक निरुपद्रवी असतात, पण काढून तपासायला पाठवतात.

साखर वाढलेली असेल तर बुरशीचा संसर्ग सारखा होतो. खाज, लाली, दह्यासारखं पांढरं जाणं. नुसती मलम लावून तात्पुरतं थांबतं, साखर ताब्यात आली नाही तर परत येतं. फेसाळ, हिरवट-पिवळं, दुर्गंधी येणारं जाणं असेल तर ट्रायकोमोनास असू शकतो. त्यात नवराबायको दोघांनीही एकाच वेळी गोळ्या घ्यायच्या असतात. एकटीने घेतल्या की उपयोग होत नाही.

लाइकेन स्क्लेरोसस हा त्वचेचा आजार खूप वेळा चुकतो. बाहेरच्या जागेची त्वचा पांढरट, पातळ, कागदासारखी चुरगळलेली दिसते, रात्री खाज सुटते, त्वचा तडकते. बायका याला गजकर्ण समजून मेडिकलमधून ट्यूब आणतात. त्या ट्यूबमध्ये तीन-चार औषधांचं मिश्रण असतं. खाज दोन दिवस थांबते, आणि निदान लांबतं. खरा उपचार म्हणजे डॉक्टरांनी ठरवलेल्या मापात, ठरलेल्या आठवड्यांपुरती तीव्र स्टेरॉइड मलम, आणि नंतर नियमित तपासणी. फार थोड्या बायकांत यातून पुढे बाहेरच्या भागाचा कॅन्सर होतो.

औषधंही विचारात घ्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या लहानशा चिरेतून जास्त रक्त वाहू देतात. स्तनाच्या कॅन्सरनंतर दिली जाणारी टॅमॉक्सिफेन पिशवीच्या अस्तरावर परिणाम करते. ती घेणाऱ्या बाईला एक थेंब रक्त दिसला तरी लगेच सांगायचं. गोळी मात्र स्वतःहून बंद करायची नाही.

कॅन्सर असेल का? खरं सांगा.

खरं असं की पाळी गेल्यानंतर रक्त जाणाऱ्या शंभर बायकांतल्या साधारण नऊ-दहांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. उलट बाजूने बघितलं, तर अस्तराचा कॅन्सर झालेल्या बहुतेक बायकांना आधी रक्तस्राव झालेला असतो. म्हणूनच हे लक्षण उपयोगाचं आहे. शरीर लवकर इशारा देतं, आणि लवकर सापडला तर हा कॅन्सर शस्त्रक्रियेने बरा होतो. वजन जास्त, मधुमेह, बीपी, मूल न झालेलं, पाळी उशिरा गेलेली, यांत धोका अधिक.

दुसरा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. भारतात तो बायकांच्या सगळ्यात जास्त आढळणाऱ्या कॅन्सरपैकी एक आहे. संबंधानंतर रक्त जाणं हे त्याचं ठळक लक्षण. पुढे घाण वासाचं पाण्यासारखं जाणं, कमरेत एकाच बाजूला दुखणं, एका पायाला सूज. सुरुवातीला अजिबात दुखत नाही. ‘दुखत नाही म्हणजे काही नाही’ हा हिशेब इथे चालत नाही.

डॉक्टर काय काय करतात? आतून तपासण्याची भीती वाटते.

भीती वाटणं साहजिक आहे. आधी माहीत असलं की कमी होते.

आधी प्रश्न : रक्त कधीपासून, किती, संबंधानंतरच की एरवीही, कोणत्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला गर्भाशय, आतडं किंवा स्तनाचा कॅन्सर झाला का. मग पोट आणि बाहेरची जागा बघतात. नंतर स्पेक्युलम नावाचं उपकरण घालून आतलं दिसतं. पाळी गेल्यानंतर ते लहान मापाचं वापरायला हवं, त्यावर जेली लावायला हवी. तुम्ही ‘लहान मापाचं घाला, हळू घाला’ असं सांगू शकता. पाय ढिले सोडून, तोंडाने हळूहळू श्वास बाहेर सोडत राहा. दुखलं की ‘थांबा’ म्हणा, डॉक्टरांनी थांबायचंच असतं. स्त्री डॉक्टर हवी असल्यास तसं मागा, नसेल तर नर्स किंवा घरची बाई जवळ उभी राहू शकते.

पिशवीच्या तोंडावरून ब्रशने पेशी घेतात, तो पॅप स्मिअर. त्यासोबत एचपीव्हीची, म्हणजे पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची, चाचणीही होते. काही विचित्र दिसलं तर तिथलाच छोटा तुकडा घेतात.

मग सोनोग्राफी. योनीतून केलेली सोनोग्राफी पोटावरच्यापेक्षा अस्तर नीट मोजते. पोटावरची करताना मूत्राशय भरलेलं लागतं, योनीतून करताना रिकामं. चुकीच्या सूचनेमुळे बायका लिटरभर पाणी पिऊन तासभर बसतात, म्हणून आधी विचारून घ्या कुठली करणार आहेत. अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ आलं तर कॅन्सरची शक्यता फार कमी. त्याहून जाड आलं, किंवा नीट दिसलंच नाही, तर अस्तराचा तुकडा तपासायला घेतात. त्यासाठी बारीक प्लास्टिकची नळी आत घालतात, भूल लागत नाही, काही मिनिटांत होतं. पाळीसारखी कळ येते. लागलंच तर दुर्बिणीने, भूल देऊन, पिशवीच्या आत बघतात.

माझं अस्तर ३ मिमी आलं. ‘काही नाही’ म्हणून घरी पाठवलं. आता परत रक्त गेलं.

परत जा. पातळ अस्तरामुळे शक्यता कमी होते, शून्य होत नाही. रक्त पुन्हा गेलं की अस्तर कितीही पातळ असलं तरी तुकडा घेऊन तपासायला हवा. कॅन्सरचे काही प्रकार अस्तर जाड न करताही वाढतात. जुना रिपोर्ट सोबत न्या आणि ‘हा रिपोर्ट आल्यावरही परत रक्त गेलं’ असं शब्दाशब्दांत सांगा.

आमच्या गावात ‘व्हिनेगर लावून’ तपासणी झाली. नॉर्मल आली.

ती व्हीआयए तपासणी. पिशवीच्या तोंडावर सौम्य ॲसिटिक ॲसिड लावतात, एक मिनिट थांबतात, बदल झालेला भाग पांढरा पडतो का ते बघतात. आरोग्य कार्यक्रमात ती ३० वर्षांवरच्या बायकांसाठी दर ५ वर्षांनी करायची असते. ती करून घेणं चांगलंच आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. पाळी गेल्यानंतर पिशवीच्या तोंडाचा जो भाग बघायचा असतो, तो आतल्या नळीत सरकतो आणि उघड दिसत नाही. त्यामुळे या वयात ही तपासणी पुरेशी नसते. आणि ती त्रास नसलेल्या बाईसाठी असते. तुम्हाला रक्त जातंय म्हणजे तुम्ही आता तपासणी मोहिमेतल्या नाही, थेट डॉक्टरांच्या तपासणीतल्या आहात. जुन्या नॉर्मल रिपोर्टवर विसंबू नका.

माझी पिशवी काढलेली आहे. तरी रक्त?

होऊ शकतं. पिशवी काढल्यावर वरचं टोक शिवलेलं असतं. तिथे कधी कधी दाण्यासारखं मांस वाढतं, त्यातून थेंब पडतात. डॉक्टर औषध लावून किंवा जाळून ते काढतात. शस्त्रक्रियेनंतर संबंधाला किमान ६ ते ८ आठवडे थांबायचं असतं, आणि डॉक्टरांनी टाके बघितल्यावरच सुरू करायचं. लवकर केलं तर टाके उसवतात.

दुसरं, पिशवीसोबत बीजकोशही काढले असतील, तर पाळी गेल्यानंतरचा कोरडेपणा एका रात्रीत सुरू होतो, वय चाळीस का असेना. काही शस्त्रक्रियांत पिशवीचं तोंड ठेवलेलं असतं, अशा बाईची तपासणी चालूच राहायला हवी. डिस्चार्ज कार्डावर काय काढलं ते लिहिलेलं असतं. कार्ड जपा, आणि ‘पिशवी काढली’ एवढंच न सांगता ते दाखवा.

‘कटकट नको, पिशवी काढून टाका’ असा सल्ला मिळाला.

आधी विचारा : कोणत्या रिपोर्टवरून? तुकडा तपासलाय का? कोरडेपणा, संसर्ग, तोंडावरचा पॉलीप यांसाठी पिशवी काढायची गरज नसते. अस्तरात कॅन्सर किंवा तसे बदल निघाले, तर काढावीच लागते, आणि तेव्हा कुठली शस्त्रक्रिया करायची तेही तुकड्याच्या रिपोर्टवर अवलंबून असतं. आपल्या भागात अनेक बायकांची पिशवी गरज नसताना निघालेली आहे आणि त्याची किंमत त्यांनी पुढे भोगली आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेणं हा तुमचा हक्क आहे.

‘अंग बाहेर येतं’, त्याला घासून रक्त येतं. काय करायचं?

पिशवी खाली सरकली की तिचा बाहेर आलेला भाग कपड्याला, मांडीला घासतो, कोरडा पडतो, त्यावर जखम होते. जड मोळी, हंडे, खताची पोती उचलणाऱ्या आणि अनेक बाळंतपणं झालेल्या बायकांत हे जास्त. संबंधाच्या वेळी जड वाटतं, दुखतं. कधी आतून आधार देणारी रिंग बसवतात. ती ठरलेल्या मुदतीत काढून धुवून बघायची असते. विसरली, तर आत रुतून जखम होते आणि रक्त येतं. बसवताना तारीख लिहून घ्या.

जखमेवर पाला, हळद, तेल लावू नका. जखमेचाही तुकडा तपासावा लागू शकतो, कारण जखम आणि कॅन्सर बघायला सारखे दिसू शकतात.

तपासणी झाली, कारण कोरडेपणाच आहे. आता घरी काय करू?

दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक दुसरीचं काम करत नाही.

योनीसाठीचं मॉइश्चरायझर हे नेहमीची ओल राखण्यासाठी. आठवड्यातून २-३ वेळा रात्री झोपताना आत लावायचं, संबंध असो वा नसो. भिंतीत ओल टिकते.

ल्युब्रिकंट, म्हणजे घर्षण कमी करणारी जेली, हे संबंधाच्या वेळी. पाण्यावर आधारित निवडा, रंग, वास, ‘गरम’ किंवा ‘थंड’ परिणाम नसलेलं. पुरेसं घ्या, योनीच्या तोंडाशी आणि पुरुषालाही लावा. सुकलं की पुन्हा लावा. लाजून थेंबभर लावणं हीच बहुतेकांची चूक.

घरचं शुद्ध खोबरेल तेल काहींना चालतं, पण कंडोम असेल तर नको, तेलाने रबर फाटतं. मोहरीचं, निलगिरीचं तेल, बाम, डेटॉल, साबण, तुरटीचं पाणी आत अजिबात नको. तुरटीने घट्ट होतं असं सांगतात, प्रत्यक्षात आधीच कोरडी त्वचा अजून आवळते आणि फाटते. आतला भाग धुवायची गरज नाही. बाहेरून नुसत्या पाण्याने धुवा, सुती सैल चड्डी घाला.

संबंधाच्या वेळी घाई नको. बाईने वरच्या बाजूला असणं किंवा कुशीवर असणं यात खोली आणि वेग तिच्या हातात राहतो. चिरा बऱ्या होईपर्यंत आठ-दहा दिवस थांबा.

हार्मोनची क्रीम सुरक्षित आहे का?

रक्ताचं कारण आधी स्पष्ट झालं असेल तर बहुतेक बायकांना सुरक्षित आहे. योनीत लावायच्या कमी मात्रेच्या क्रीममधून रक्तात फार थोडं हार्मोन जातं. एक नेहमीची पद्धत अशी : इस्ट्रिऑल क्रीम, ०.५ ग्रॅम, मोजपट्टी असलेल्या नळीने, २ आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. मात्रा डॉक्टर ठरवतील. नळी पाठीच्या दिशेने थोडी तिरकी घालायची, अर्धीच आत. वापरून झाली की कोमट पाण्याने धुवा.

दोन-चार दिवसांत फरक दिसला नाही म्हणून सोडू नका. जळजळ काही आठवड्यांत कमी होते, पूर्ण फायदा साधारण ३ महिन्यांत दिसतो. बंद केलं की कोरडेपणा परत येतो. स्तनाचा कॅन्सर झाला असेल, तर कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नका. क्रीम वापरताना पुन्हा रक्त गेलं तर परत तपासणी.

नवऱ्याला कसं सांगू?

‘दुखतंय, रक्त येतंय, डॉक्टरांनी थांबायला सांगितलंय’, एवढं पुरे. ‘मला नको’ आणि ‘मला दुखतं’ यात फरक आहे, आणि तो न सांगितल्याने घराघरांत गैरसमज साठतात. शक्य असेल तर त्यांनाही दवाखान्यात आत बसवा. नको असताना जबरदस्ती होत असेल तर तसं डॉक्टरांना किंवा नर्सला एकट्यात सांगा.

कुठे जायचं, काय सोबत न्यायचं?

ग्रामीण रुग्णालय किंवा उपजिल्हा रुग्णालयात सुरुवात होते. पुढची तपासणी लागली तर धुळ्याचं श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, जळगाव आणि नंदुरबारची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. कॅन्सर निघाला तर मोठ्या उपचारांसाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आणि आयुष्मान कार्ड यांची चौकशी दाखल होण्याआधीच करा, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे. आधार आणि रेशनकार्ड न्यायला विसरू नका.

सोबत : जुने रिपोर्ट, चालू गोळ्यांच्या पट्ट्या (नावं आठवत नाहीत, पट्ट्याच न्या), आणि एक छोटी चिठ्ठी. त्यावर तारीख, रंग, किती पॅड, संबंधानंतर की एरवी. लिहिता येत नसेल तर सून-नातीकडून लिहून घ्या किंवा आशाताईंना सांगा. डॉक्टरांपुढे मराठी सुचली नाही तरी अहिराणीत सांगितलं की इथल्या नर्सला कळतं. तपासणीच्या आधी दोन दिवस योनीत क्रीम, जेली काही घालू नका, संबंधही ठेवू नका, नाहीतर पॅपचा नमुना बिघडतो. रक्त चालू असेल तरी मात्र जायला थांबू नका.

लगेच, त्याच दिवशी कधी?

तासाला एक पॅड भिजत असेल आणि असं सलग दोन तास होत असेल. मोठ्या गुठळ्या पडत असतील. चक्कर, छातीत धडधड, घाम, ओटीपोटात असह्य दुखणं, ताप. संबंधानंतर अचानक खूप रक्त सुरू झालं असेल, तर योनीत मोठी चीर पडलेली असू शकते आणि टाके घालावे लागतात. यात कापूस-फडकं कोंबून वाट बघू नका. बाहेर पॅड लावा, झोपवून ठेवा, १०८ ला फोन करा, आणि निघताना गोळ्यांच्या पट्ट्या सोबत घ्या.